टाकीतला रूपचंद ताटात?

मासळीबाजारात पापलेटाच्या शेजारी स्वस्तात मांडलेला रूपचंद आणि मत्स्यालयाच्या दुकानात ‘पाकू’ म्हणून, कधी तर पिरान्हा म्हणूनही, विकलं जाणारं बोटभर लाल पोटाचं पिल्लू हा एकच मासा आहे, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हॉटेलात बासा म्हणून पांढरे काप येतात त्याचं भाईबंद टाकीत ‘शार्क’ या रुबाबदार नावानं फिरत असतं. जायंट गोरामी इंडोनेशियात आवडीनं तळून खातात, ऑस्कर ॲमेझॉनकाठी जेवणात असतो, आणि जपानच्या निइगाता भागातल्या शेतकऱ्यांनी थंडीत खायला म्हणून पाळलेल्या कार्प माशांतूनच पुढे रंगीत कोई निघाले. तेव्हा पाकू हातभर वाढला, टाकीत वळायलाही जागा उरली नाही, आणि घरात कोणी म्हणालं की आता याला रवा लावून तळू या, तर ते बोलणं अगदीच वेड्यासारखं नाही. तरीही माझं उत्तर ‘खाऊ नका’ असंच आहे. त्याचं कारण माशाच्या जातीत शोधून सापडणार नाही. ते त्याच्या अंगात आजवर काय काय गेलं, यात आहे.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या औषधांच्या छोट्या बाटल्या नीट पाहाव्यात. पुष्कळ बाटल्यांवर घटकांचा पत्ताच नसतो, नुसतं ‘व्हाइट स्पॉटवर’ असं लिहिलेलं असतं. त्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं जुनं आणि हुकमी औषध म्हणजे मॅलकाइट ग्रीन, बहुधा फॉर्मेलिनच्या जोडीनं. मुळात हा कापड रंगवायचा रंग. चार थेंबांनी पाणी हिरवंगार होतं, बोटांवरचा डाग साबणानं निघत नाही, आणि टाकीच्या कोपऱ्यातल्या पारदर्शक सिलिकॉनच्या पट्टीवर चढलेली हिरवट झाक पाणी कितीदाही बदललं तरी तशीच राहते. माशाच्या शरीरात याचं रूपांतर बिनरंगी ल्युकोमॅलकाइट ग्रीनमध्ये होतं. ते चरबीत साठतं, कित्येक आठवडे टिकतं, चरबीदार माशात तर महिनेही सापडतं, आणि शिजवल्यानं नाहीसं होत नाही. माणसाला त्यापासून कर्करोगाचा धोका असल्याचा दाट संशय आहे, म्हणूनच खाण्याच्या माशांवर ते वापरायला युरोपात आणि अमेरिकेत परवानगी नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं आपल्याकडेही खाण्याच्या माशांसाठी निषिद्ध आहेत. शोभेच्या माशाला मात्र दुकानदारानं, त्याच्या आधी ठोकवाल्यानं आणि त्याच्याही आधी पैदास करणाऱ्यानं यातलं काय दिलं, हे विचारणारं कोणी नाही. यात त्यांची लबाडी आहे असंही नाही. हा मासा खाल्ला जाईल असं त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

यावर हुशार माणूस हमखास म्हणतो, ‘बाजारातला मासा तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे?’ मुद्दा बिनतोड वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. रंग लवकर खुलावा म्हणून काही शोभेच्या माशांना मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक देतात, आणि खाण्याच्या चिलापीच्या शेतीतही सगळी पिल्लं नर व्हावीत म्हणून सुरुवातीचे तीन-चार आठवडे हेच संप्रेरक खाद्यातून देण्याची पद्धत आहे. औषध एकच असलं तरी चिलापी त्यानंतर कित्येक महिने साध्या खाद्यावर वाढते आणि तोवर ते अंगातून निघून जातं. शोभेच्या माशाला नेमका विकायच्या तोंडावर रंग हवा असतो. खाण्याच्या माशाला औषध दिलं तर किती दिवस थांबून तो काढायचा, याचे नियम असतात. ते पाळले जात नाहीत तिथे तक्रार करता येते, माल तपासता येतो, परत पाठवता येतो. टाकीतल्या औषधांसाठी असा थांबायचा काळ कोणी ठरवलेलाच नाही, त्यामुळे ‘महिनाभर स्वच्छ पाण्यात ठेवून मग खाऊ’ या तोडग्यातला महिना निव्वळ मनाचा असतो. बाजारात गैरप्रकार होतात म्हणून घरात बेहिशेबी मासा खावा, हे तर्कशास्त्र मला पटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की चांगलं शिजवलं म्हणजे झालं. जंत आणि बहुतेक जिवाणू उष्णतेनं मरतात, हे खरं. पण पफर माशाचं विष चुलीला भीक घालत नाही, आणि छोटे गोंडस पफर टाक्यांसाठी विकले जातात. शिवाय मासा चुलीवर चढण्याआधी तो कोणाला तरी साफ करावा लागतो. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा नातेवाईक असू शकतो. बोटावर चीर असेल तर तिथून तो शिरतो, गाठी उठतात आणि महिनोन्महिने गोळ्या घ्याव्या लागतात. टाकी धुतानाही हा धोका असतोच. खवले आणि काटे काढताना हाताला नवी चीर पडायची शक्यता त्यात भर घालते. पैजेवर जिवंत मासा गिळणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. नेदरलँड्समध्ये 2016 साली एकानं टाकीतला कोरिडोरास गिळला. घाबरल्यावर पंखांचे काटे ताठ करून अडकवणं हा त्या माशाचा स्वभावच, तो घशात रुतला आणि रुग्णालयात काढावा लागला. तो मासा आता रॉटरडॅमच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

पाळलेला जीव खाणं योग्य की अयोग्य, यावर मी सोवळेपणा करणार नाही. परसातली कोंबडी पोरांच्या अंगाखांद्यावर वाढते आणि सणाला शिजते. त्यात ढोंग नसतं, कारण तिला पहिल्या दाण्यापासून त्यासाठीच वाढवलेलं असतं. पाळूनच मासा खायचा असेल तर तशीच सुरुवात करावी: मत्स्यबीज केंद्रातून खाण्याच्या माशाचं बीज आणावं, वेगळ्या हौदात सोडावं, खाद्य आणि औषध दोन्ही वहीत लिहावं. नाव ठेवलेला, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलेला मासा अडचण झाला म्हणून ताटात घेण्यात मला क्रौर्यापेक्षा आळस जास्त दिसतो. आणायच्या आधी तो केवढा होणार हे विचारलं असतं तर ही वेळच आली नसती.

आता तो मोठा झालाच असेल तर दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्यावा. नदीत किंवा तलावात मुळीच सोडू नये. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे सकर मासे मुळात मत्स्यालयांच्या व्यापारातूनच देशात आले आहेत. आणि मेलेला मासा मांजराला घालू नये. कोमट पाण्यात तो किती तास मरून पडला होता हे कळत नाही, आणि व्हाइट स्पॉटची बाटली त्याच्याही अंगात गेलेली असते. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा, किंवा शोभेच्या झाडाच्या कुंडीत खोल पुरावा.