मिलिमीटर दाखवायचे की फूट-इंच?

प्रश्न : मी अंबडमध्ये स्टील डिटेलिंग करतो. अमेरिकेतल्या कामाचं मॉडेल टेक्ला सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण फॅब्रिकेशन इथेच होणार. ड्रॉइंगवर मापं मिलिमीटरमध्ये घेतली तर बोल्टच्या भोकांची बेरीज जुळत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मॉडेल बरोबर आहे, राउंडिंग नडतंय. 3 इंच म्हणजे 76.2 मिमी. तुमचा फॉरमॅट '###' असणार, म्हणून प्रत्येक अंतर 76 दिसतं. अशी पाच अंतरं मिळून 380 होतात, एकूण माप मात्र 381. फिटरने टेपने एकेक अंतर आखलं, की शेवटचं भोक गेलंच.

डायमेन्शन प्रॉपर्टीजच्या जनरल टॅबमध्ये युनिट, प्रिसिजन आणि फॉरमॅट अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिट मिमी, प्रिसिजन 1/10 आणि फॉरमॅट '###[.#]' ठेवा. चौकटी कंसामुळे दशांश गरजेपुरताच दिसतो. 381 हे 381च राहतं. भोकांच्या रांगेला एका टोकापासूनची रनिंग मापं द्या, म्हणजे फरक साचत नाही. शॉपफ्लोअरवर हे सगळ्यात उपयोगी, असं माझं ठाम मत आहे.

तपासणीसाठी क्लायंटला फूट-इंच हवं असेल तर 1/16 प्रिसिजनचं दुसरं सेटिंग वेगळ्या नावाने सेव्ह करा. 1/16 इंच म्हणजे जवळजवळ 1.6 मिमी, हे लक्षात असू द्या. आणि आकडा हाताने खोडून नवा टाइप करणं? कितीही घाई असली तरी नाही. उद्या मॉडेल बदललं तरी तो आकडा तसाच बसून राहील.