तान्ह्याच्या वाटींतील अन्न

गांवोगांव फिरतांना एक गोष्ट आमच्या दृष्टीस वारंवार पडते. एकाच वस्तींत शेजारीं शेजारीं दोन घरें; दोहींचें उत्पन्न सारखें, दोहींकडील माणसें त्याच शेतांवर मजुरीस जाणारीं, दोहींच्या चुलीवर तीच ज्वारीची भाकरी व तेंच तुरीचें वरण. तथापि एका घरचें दीड वर्षाचें मूल अंगणांत दुडदुडत असतें, आणि दुसऱ्या घरचें तेवढ्याच वयाचें मूल आईच्या कडेवरून खालीं उतरत नाहीं. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढें आलेलें. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें: "गरिबाचें लेंकरूं, तें असेंच असावयाचें." हें उत्तर अर्धें खरें आहे. गरिबी नसती तर पुष्कळ मुलें वांचलीं असतीं, ह्यांत शंका नाहीं. परंतु राहिलेला अर्धा भाग आपल्या हातांतला आहे, व त्याविषयींच आज आम्ही लिहीत आहों.

सन २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. "आमचें घराणेंच ठेंगणें," असें म्हणून कित्येक जण समाधान मानतात; पण दर तिसरें घराणें ठेंगणें कसें असेल, ह्याचा विचार कोणी करीत नाहीं. ह्या खुजेपणाचा आरंभ कित्येकदां आईच्या पोटींच होतो, परंतु त्यांत मोठी भर पडते ती मूल सहा महिन्यांचें झाल्यापासून दोन वर्षांचें होईपर्यंत. त्या काळांत जें गमावलें तें पुढें भरून येणें फार कठीण. आणि नुसती उंचीच खुंटते असें नाहीं. अशा मुलास जुलाब, खोकला, गोवर ह्यांपैकीं कांहींहि झालें तर तें लवकर हातचें जातें.

पहिल्या सहा महिन्यांविषयीं थोडक्यांतच सांगतों, कारण तेथें करावयाचें थोडें व न करावयाचें फार आहे. जन्मल्यापासून एका तासाच्या आंत मुलास आईच्या छातीशीं धरावें. पहिलें पिवळसर, चिकट दूध, ज्यास आपण चीक म्हणतों, तें पिळून टाकण्याची चाल कित्येक घरांत अजून आहे, ती सोडावी. रोगापासून रक्षण करणारें द्रव्य त्यांत जितकें असतें तितकें पुढील दुधांत नसतें. मधाचें बोट नको, घुटी नको, साखरेचें पाणी नको. मध तर वर्षाच्या आंतील मुलास अपायकारक ठरूं शकतो. वैशाखाच्या उन्हांतहि सहा महिन्यांच्या आंतील मुलास वेगळें पाणी लागत नाहीं. आईच्या दुधांत तें पुरेसें असतें. पाणी लागतें तें आईला, व त्याबरोबर पोटभर जेवणहि. घरांतील सर्वांचें झाल्यावर उरलेल्या कोरड्या भाकरीवर जी बाई दिवस काढते, तिच्या दुधाविषयीं तक्रार करण्याचा अधिकार घरांत कोणास आहे बरें?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईचें दूध चालूच ठेवावयाचें, परंतु तें एकटें पुरत नाहीं. विशेषतः लोह त्यांत फार थोडें असतें. म्हणून वरचें अन्न द्यावयाचें. येथेंच आपली चूक होते, व ती चूक प्रेमानेंच होते. ती आमच्या घरींहि झाली. आमची थोरली मुलगी आठ महिन्यांची होती. तिची आजी रोज दुपारीं वरण शिजलें कीं त्यावरील निवळ पाणी वाटींत काढी, चिमूटभर मीठ घाली, व ती वाटी मुलीस मोठ्या कौतुकानें पाजी. मूल वाटीभर पिऊन निजे. आम्हांस वाटे, पोट भरलें. तासाभरानें तें रडत उठे. आम्हांस वाटे, दांत येत आहेत. दोन महिने तिचें वजन तसूभर वाढलें नाहीं. शेवटीं एका वयस्क नर्सबाईंनीं घरीं येऊन ती वाटी पाहिली. त्यांनीं वरणाच्या पाण्याचा एक चमचा भरला व किंचित् तिरपा केला. सर्व खालीं ओघळलें. मग पातेल्याच्या तळची डाळ भाताबरोबर कुसकरून दुसरा चमचा भरला व तोहि तसाच तिरपा केला. अन्न चमच्यावर राहिलें. त्या म्हणाल्या, "आजी, चमच्यावर राहील तें अन्न; ओघळेल तें पाणी. नातीला तुम्ही दोन महिने पाणी पाजलेंत." आजीच्या डोळ्यांना पाणी आलें. आम्ही तर शिकलेले म्हणविणारे. आमची मान खालीं झाली.

ह्याचें कारण हिशेबानें समजून घ्यावें. लहान मुलाच्या पोटांत एका वेळीं त्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारें ३० मिलिलिटर इतकेंच मावतें. म्हणजे आठ किलोच्या मुलाचें पोट सुमारें पाव लिटरांत भरतें. ही जागा पाण्यानें भरली तर मूल तृप्त दिसतें, पण अंगीं कांहीं लागत नाहीं. मोठ्या माणसाचें पोट मोठें, तें पातळ आमटी व चार भाकरी दोन्हीं सामावून घेतें. मुलास ती सोय नाहीं. त्याच्या पोटांत जें जाईल तें दाट, मऊ व थोडें स्निग्ध असलें पाहिजे, आणि तें दिवसांतून अनेकदां गेलें पाहिजे.

एके काळीं मोठमोठे तज्ज्ञहि म्हणत असत कीं गरीब देशांतील मुलांस प्रथिनें, म्हणजे दूधमांसासारखें भारी अन्न, मिळत नाहीं, म्हणून तीं रोड होतात. त्यांस दुधाची भुकटी व तयार पीठ पुरविलें पाहिजे. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले व पुढें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख झालेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनीं १९७० च्या सुमारास ह्या मताविरुद्ध आग्रहानें लिहिलें. आपलें नेहमींचें धान्य व डाळ मुलास पोटभर मिळाली तर प्रथिनांची गरज बहुतेक त्यांतच भागते. खरी उणीव एकूण अन्नाचीच असते, असें त्यांचें म्हणणें होतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेंतील डॉ. गोपालन ह्यांच्या कामांतूनहि हेंच दिसून आलें. दूध, अंडें, मासे मिळाल्यास फारच उत्तम. पण तीं नाहींत म्हणून हात टेकून बसण्याचें कारण नाहीं.

मग काय द्यावें? घरांत जें आहे तेंच. तांदूळ तीन भाग व मुगाची डाळ एक भाग घेऊन मऊ शिजवावी, चमच्याच्या पाठीनें घोटावी व वाटींत घेतल्यावर वरून एक लहान चमचा गोडें तेल किंवा तूप सोडावें. तेल महाग आहे हें आम्ही जाणतों. पण मुलाच्या वाटीस लागणारा चमचा कालवणाच्या तवंगांतून सहज निघतो. भाकरीचा पापुद्रा नको, आंतला मऊ भाग घट्ट वरणांत भिजवून कुसकरावा. नाचणी पिकते तेथें तिची दाट खीर करावी. हाडांस लागणारा चुना तीत इतर धान्यांपेक्षां पुष्कळच अधिक असतो. भाजलेल्या शेंगदाण्यांचें बारीक कूट घालावें. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा मात्र लहान मुलाच्या हातीं कदापि देऊं नये, तो श्वासनळींत अडकतो. शेवग्याचा पाला, मेथी, पिकलेला भोपळा ह्यांतील एखादा जिन्नस रोज शिजवून त्यांत मिसळावा. घरीं कोंबड्या असून सगळीं अंडीं बाजारांत जातात, असें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. दोन विकून एक मुलास ठेवावें. नीट उकडलेलें अंडें सात महिन्यांच्या मुलासहि कुसकरून देतां येतें.

आरंभ दोनतीन चमच्यांनीं करावा. आठ महिन्यांपर्यंत दिवसांतून दोनतीन वेळां, व त्यापुढें दोन वर्षांपर्यंत तीनचार वेळां. शिवाय मधें केळें किंवा भाकरीचा तुकडा. नवव्या महिन्यांत सुमारें अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक मोठी वाटी. मुलाचें ताट वेगळें असावें. थोरल्या भावंडांबरोबर एकाच परातींत हात घालणाऱ्या धाकट्याचे चार घास होतात तोंवर परात रिकामी होते, आणि तें किती जेवलें हें कोणासच कळत नाहीं.

येथें चहाबिस्किटांविषयीं बोलल्याशिवाय राहवत नाहीं. सकाळीं मूल रडलें कीं दुकानांतून पांच रुपयांचा पुडा आणावयाचा व चहांत बुडवून भरवावयाचा, ही रीत आतां अगदीं लहान वाडींतहि पोहोंचली आहे. पुड्यांत मैदा व साखर. चहानें भूक मरते व अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. दोन दिवसांच्या पुड्यांच्या पैशांत एक अंडें येतें. पण ह्यांत एकट्या आईस दोष देणें बरें नव्हे. पहांटे कामावर जाणाऱ्या बाईस पुडा हाताशीं असतो व खिचडीस अर्धा तास लागतो, हें खरें कारण आहे.

म्हणून वेळेचा प्रश्न हा अन्नाच्या प्रश्नाएवढाच मोठा आहे. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून उसाच्या तोडणीस जाणाऱ्या कुटुंबांत तान्हें मूल फडाच्या कडेला सहासात वर्षांच्या बहिणीच्या हवालीं असतें. ती पोर त्याला काय भरविणार? लहान मुलास भरवावयाचें म्हणजे समोर बसावें लागतें, बोलावें लागतें, थुंकलें तर पुन्हां घालावें लागतें. हें काम बापालाहि येतें. तोडणीच्या ठिकाणीं तेथील अंगणवाडींत मुलाचें नांव नोंदवावें. अंगणवाड्यांची ही योजना १९७५ सालच्या २ ऑक्टोबरपासून चालू आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलास घरीं नेण्याचा आहार तेथून मिळतो. तो आहार कोठें मोठीं माणसें खातात, कोठें गाईम्हशींपुढें जातो. "त्याची चव लागत नाहीं," असें सांगतात. चव आम्हांसहि रुचली नाहीं; तरी थोडा गूळ व शेंगदाण्याचें कूट घालून शिजविल्यास मुलें खातात.

मूल आजारी पडलें कीं त्याचें खाणें बंद करण्याची चाल सर्वांत घातक आहे. जुलाब होत असतां आईचें दूध चालूच ठेवावें, सहा महिन्यांवरील मुलास मऊ अन्नहि थोडें थोडें द्यावें, आणि क्षारसंजीवनीची पुडी तीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा एक लिटर, स्वच्छ पाण्यांत विरघळवून चमच्याचमच्यानें पाजावी. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घ्याव्या व जुलाब थांबले तरी त्या सांगितलेले सर्व दिवस द्याव्या. डोळे खोल गेले, मूल सुस्त झालें, पिईनासें झालें किंवा शौचांतून रक्त पडलें तर क्षणभरहि न थांबतां दवाखाना गांठावा. बरें झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावें.

आणखी एक प्रसंग जपण्याचा आहे. आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आतांचा घाना देश, तेथें काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स ह्यांनीं १९३५ सालीं मुलांच्या एका सुजेच्या रोगाचें तेथील लोकांत रूढ असलेलें नांव वैद्यकांत आणलें: क्वाशिओरकोर. दुसरें मूल झाल्यावर आईपासून दूर झालेल्या पहिल्या मुलास होणारा रोग, असा त्या नांवाचा आशय आहे. तेथील आयांनीं जें पाहिलें तें आपल्याकडेहि दिसतें. पाठचें लवकर आलें कीं थोरल्याची वाटी कोणी पाहत नाहीं. म्हणून दोन मुलांत निदान तीन वर्षांचें अंतर असावें, व नवें बाळ आलें तरी थोरल्यास भरविणारें माणूस घरांत ठरलेलें असावें.

जामखेडचें उदाहरण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या जवळचें आहे. वेलूर येथें वैद्यक शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं तेथें आलें. त्या काळीं त्या भागांत हजार जन्मांमागें सुमारें १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. दुष्काळाच्या दिवसांत गांवकऱ्यांनींच मुलांकरितां एकत्र चुली चालविल्या. पुढें खेड्यांतल्याच, बहुतेक निरक्षर व कित्येक दलित, बायांनीं आरोग्याचें शिक्षण घेऊन घरोघर मुलें तोलण्यास व आयांस समजावण्यास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथील बालमृत्यूंचें तें प्रमाण पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याहूनहि खालीं आलें होतें. डॉक्टरांनीं सांगितलेलें जें पटत नसे, तें शेजारणीनें सांगितलें कीं पटे.

आमच्या उपदेशक बंधूंस एवढीच विनंति कीं, घरोघर भेटीस जातां तेव्हां "बाळ जेवतें ना?" असें विचारूं नये, त्याचें उत्तर नेहमीं "होय" असेंच येतें. "काल सकाळपासून निजेपर्यंत बाळानें काय काय व किती वेळां खाल्लें?" असें विचारावें, आणि जमल्यास वाटी पाहावी. अंगणवाडीसेविकेकडे दंडाचा घेर मोजण्याची रंगीत फीत असते. सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, अथवा दोन्हीं पावलांवर सूज दिसली, तर तें मूल त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत, व तेथून सांगतील तर पोषण पुनर्वसन केंद्रांत न्यावयाचें असतें. तेथें आईस मुलाजवळ कांहीं दिवस राहावें लागतें. त्या दिवसांत तिच्या दुसऱ्या मुलांस कोण सांभाळील, ह्याची तजवीज मंडळीनें आधींच करून ठेवावी. पुष्कळ बाया केवळ तेवढ्यासाठीं परत फिरतात.