तो गोळा डोंगरामागे पडला का?

प्रश्न : परवा दिवेलागणीला आकाशात हिरवट, डोळे दिपवणारा गोळा दिसला. तीन-चार सेकंदांत फुटून विझला. समोरच्या डोंगरामागेच पडला असावा. ती उल्का होती की उपग्रहाचा तुकडा? शोधायला जावं का?

उत्तर : डोंगर चढायची घाई नको. असा गोळा जवळ पडल्यासारखा हमखास वाटतो, पण पेटतो साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर. तुम्हाला ‘डोंगरामागे’ दिसलेली जागा दोन जिल्हे पलीकडची असू शकते.

तुम्ही सांगितलेल्या वेळेवरून ती उल्काच वाटते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि काही क्षणांत संपते. शुक्राहून तेजस्वी असेल तर तिला अग्निगोल म्हणतात. हिरवी छटा मॅग्नेशियम किंवा निकेलमुळे येऊ शकते. अवकाशातला कचरा मात्र रेंगाळतो. २ एप्रिल २०२२ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात दिसलेली तुकड्यांची जळती रांग आठवा. तो चिनी रॉकेटचा भाग असल्याचं खगोलतज्ज्ञांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडंही सापडलं.

गोळा विझल्यावर दीड-दोन मिनिटांनी गडगडाट ऐकू आला होता का? आला असेल, तर उल्का बरीच खाली उतरली होती आणि दगड पडल्याची शक्यता वाढते. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची आजच लिहून ठेवा (व्हॉट्सअॅपवरची वर्णनं वाचण्याआधी!) आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे नोंदवा. वेगवेगळ्या गावांतल्या अशा नोंदींवरूनच मार्ग काढता येतो.