प्रश्नावलीची सप्रमाणता : आत्महत्येच्या जोखमीची चाळणी

विश्वसनीय प्रश्नावली सप्रमाण असेलच असे नाही, हे आपण मागील घटकात पाहिले. आता हाच मुद्दा एका गंभीर उदाहरणावरून समजून घेऊ. आत्महत्येची जोखीम असलेले विद्यार्थी वेळीच ओळखण्यासाठी मराठी प्रश्नावली तयार करावयाची आहे, आणि गिरगाव, दादर व परळ येथील महाविद्यालये हे आपले अभ्यासक्षेत्र आहे, असे समजा.

पहिली अडचण भाषेची आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्यमापनाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपण मेलेले बरे, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मागील दोन आठवड्यांत कितपत आले, हे तिचा नववा प्रश्न विचारतो. म्हणजे दोन भिन्न गोष्टी एकाच प्रश्नात आल्या आहेत. मराठीत हा गुंता वाढतो. दादर स्थानकावर गर्दीच्या वेळी गाडीत चढणारा कोणीही ‘जीव नकोसा झाला’ असे सहज म्हणतो. उलट, ज्याला जगणे खरोखरच असह्य झाले आहे तो ‘जरा टेन्शन आहे’ एवढेच बोलून गप्प बसतो. त्यामुळे केवळ अनुवाद पुरत नाही. मूळ मसुदा न पाहिलेल्या व्यक्तीकडून प्रत्यनुवाद करून घ्यावा. त्यानंतर काही विद्यार्थ्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे. आमच्या मते ही शेवटची पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

प्रश्नावली कोठे भरली जाते, यालाही महत्त्व आहे. लालबागच्या चाळीतील एका खोलीत, घरची माणसे शेजारी बसलेली असताना खरे उत्तर लिहिणे कठीण असते.

यानंतर प्रश्नावलीचे निष्कर्ष स्वतंत्र निकषाशी ताडून पाहावे लागतात. प्रशिक्षित तज्ज्ञाने प्रश्नावलीचे गुण न पाहता घेतलेली मुलाखत हा असा निकष होय. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेतील रुग्णांवर पाच प्रश्नावल्यांची तुलना केली (२००८). तिचा विषय सामान्य मानसिक विकार हा होता. पद्धतीच्या दृष्टीने ती अभ्यासण्याजोगी आहे.

आता एक काल्पनिक हिशेब करू. १००० विद्यार्थ्यांपैकी २० जणांना खरी जोखीम आहे. प्रश्नावलीची संवेदनक्षमता व विशिष्टता प्रत्येकी ९० टक्के आहे. ती २० पैकी १८ जणांना ओळखेल, २ जण सुटतील. उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांवर मात्र ती चुकीची खूण करील. म्हणजे खूण झालेल्या ११६ जणांत खरी जोखीम असलेले १८च असतील. यास्तव चाळणीला निदान समजू नये आणि खूण झालेल्या प्रत्येकाशी समुपदेशकाने एकांतात बोलावे. सुटलेल्या दोघांचे काय, हा प्रश्न सीमागुण ठरविताना समोर असू द्या. सीमागुण खाली आणला की सुटणारे कमी होतात, पण समुपदेशकाचे काम वाढते.

आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. मात्र निनावी प्रश्नावलीत कोणी ‘होय’ लिहिले, तर त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? ही व्यवस्था नसेल तर प्रश्नावली वाटू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक प्रतीवर छापावा.

कृती : ‘जीव नकोसा होणे’, ‘जीवावर येणे’ आणि ‘जिवाचे बरेवाईट करणे’ यांचे अर्थ परिसरातील पाच व्यक्तींना विचारून नोंदवा. कोणाच्या उत्तराने काळजी वाटली, तर नोंदवही मिटून आधी त्यांचे ऐकून घ्या.