चित्र कोणाचे?

निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद या आपल्या टापूतील कोणत्याही जुन्या घराच्या देवघरात डोकावावे, कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी तेथे बहुधा आढळतेच. वरच्या दोन हातांत कमळे, अंगावर जरीकाठी साडी, आणि एका बाजूस सोंडेने माळ उंचावलेला हत्ती. हेच रूप दिनदर्शिकेवर व लग्नपत्रिकेवरही दिसते. हे चित्र कोणाचे, असे घरात विचारले तर ‘लक्ष्मीचे’ हे उत्तर मिळेल. उत्तर बरोबर आहे. तथापि आमचा प्रश्न निराळा आहे. ते काढले कोणी, आणि त्यावर हक्क कोणाचा?

हे रूप घरोघर रुजविले ते राजा रविवर्मा (१८४८–१९०६) या चित्रकाराने. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. तेथील छपाई शिळाछापाची होती. प्रत्येक रंगाकरिता स्वतंत्र दगडावर चित्र रेखावयाचे आणि एकाच कागदावर एकामागून एक छाप उठवावयाचे, असे ते कष्टाचे काम. पण त्यायोगे जे चित्र एरवी एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात लटकले असते, ते सामान्य माणसाच्या झोपडीत आले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

छापखाना मात्र कर्जात सापडला, आणि काही वर्षांतच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. त्यासोबत कित्येक चित्रे छापण्याचे हक्कही गेले. म्हणजे चित्रकार हयात असतानाच त्याच्या लक्ष्मीवर कायद्याने मालकी दुसऱ्याची झाली! इतर छापखान्यांनी नकला काढल्या. आगपेट्यांवर आणि कापडाच्या ताग्यांवर ही चित्रे चिकटली. घरोघरच्या स्त्रियांनी तर त्या छापील देवींना खरी जर, टिकल्या व कापड लावून नटविले. अशी नटविलेली चित्रे आज संग्राहक मोठ्या आवडीने जपतात. परंतु ती नटविणाऱ्या हातांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

आता दुसरी बाजू पाहू. रविवर्म्यांनी तरी लक्ष्मी कोठून आणली? कमळ आणि हत्ती यांसह असलेली गजलक्ष्मी सांचीच्या शिल्पांत दोन हजार वर्षांपूर्वीच कोरलेली आहे. छायाप्रकाशाची रीत व तैलरंग त्यांनी युरोपीय चित्रकलेतून घेतले. मग त्यांना उसनवार करणारे म्हणावे काय? आमचे मत तसे नाही. जुन्या मूर्तीत जो गृहिणीचा चेहरा आणि जी साडीची चुणी नव्हती, ती त्यांच्या हाताने आली. घेणे हा दोष नव्हे. घेतलेल्यात स्वतःचे काही न घालणे आणि वर घेतल्याचे लपविणे, हा दोष होय. आपल्या रंगभूमीने ही शिस्त पूर्वीच पाळली. देवलांचे ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे रूपांतर, हे कोणापासून लपलेले नाही, आणि त्याने देवलांचा मोठेपणा उणावला नाही. चित्रकलेत मात्र ‘अमुक चित्रावरून’ असे लिहिण्याचा आपणांस संकोच वाटतो. शाळेच्या प्रदर्शनात मोबाईलवरून उतरविलेल्या चित्राखाली विद्यार्थी स्वतःची सही करतो, आणि पालक कौतुकाने पाहतात. तेथे ते दोन शब्द लिहावयास काय हरकत आहे?

भारताचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे मानतो. रविवर्म्यांची चित्रे त्यामुळे आज सर्वांची झाली आहेत. याच कायद्यात आणखी एक मार्मिक तरतूद आहे. चित्र विकले तरी कलावंताचा त्याच्याशी असलेला संबंध संपत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले आणि त्यात त्याची मोडतोड झाली. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे मालक सरकार होते, तरीही!

परदेशांतही हा वाद मिटलेला नाही. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९८४ साली लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या छायाचित्रावरून चित्रे रंगविली. त्यांपैकी एक २०१६ साली नियतकालिकात छापण्यास दिले गेले, तेव्हा छायाचित्रकर्तीने हरकत घेतली, आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिचा पक्ष उचलून धरला. दोघा न्यायमूर्तींचे मत असे की, अशाने नवी कला गुदमरेल. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

पण दूर कशाला जावे? बिदरी काम आपल्याच जिल्ह्याचे. जस्त व तांबे यांच्या ओतीव भांड्यावर रेघा कोरून त्यांत चांदी ठोकावयाची, मग नवसागर मिसळलेल्या किल्ल्यातील मातीने ते काळे करावयाचे; काळ्यावर चांदी तेवढी उजळून राहते. त्यावरील फुले व वेली पिढ्यान्‌पिढ्या त्याच. कोणी एकाने त्या आपल्या म्हणाव्यात तर बाकीच्यांची चूल विझेल. २००६ साली बिदरीस भौगोलिक निर्देशन मिळाले, ते नावास. अन्यत्र केलेल्या वस्तूस बिदरी म्हणता येत नाही. या कलेतील शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्रीही मिळाली. परंतु एखाद्या तरुण कारागिराने रात्री जागून अगदी नवी वेल बसविली, तर ते निर्देशन तिचे रक्षण करीत नाही. त्याकरिता २००० सालचा आकृतिबंधांचा कायदा निराळा आहे. नोंदणी केल्यास दहा वर्षे, आणि पुढे वाढवून पाच. मात्र त्या कायद्याची अट अशी की, वेल आधी कोठे प्रसिद्ध झालेली नसावी. आणि कारागीर तर ती प्रथम बाजारातच मांडतो.