नाण्यांचे दुकान आणि नवा संग्राहक

तंजावरच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत, आणि येथील मुख्य दैवतही पंचनदीश्वर या नावाने ओळखले जाते. देवळाच्या आवारातील उत्तर-कैलास हे देवालय राजराज चोळाच्या राणीने बांधविले. संत त्यागराजांनी १८४७ मध्ये येथेच देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी गायक-वादकांचा मेळा भरतो. अशा गावात येणाऱ्या माणसाच्या मनात जुन्या काळाविषयी कुतूहल जागे होणे स्वाभाविक आहे, आणि नाण्यांचा संग्रह करण्याची इच्छा पुष्कळदा अशाच कुतूहलातून जन्म घेते.

परंतु नाणी घ्यावयाची कोठे? लहान गावात पाटी लावलेले नाण्यांचे दुकान असेलच असे नाही. जुनी तांब्यापितळेची भांडी वजनावर घेणारा मोडीचा व्यापारी, पेढीच्या खणात चार जुने तुकडे जपून ठेवणारा सराफ, देवळाच्या वाटेवर चादर अंथरून बसणारा फिरता विक्रेता, आणि तंजावर किंवा कुंभकोणम यांसारख्या शहरांतील नाणी व टपालतिकिटे विकणारा दुकानदार, या सर्वांना मिळून नवख्या संग्राहकाचे ‘नाण्यांचे दुकान’ बनते. या मंडळींशी व्यवहार कसा करावा, हे नाणकशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच सांगितलेले असते. वास्तविक संग्राहकाचे पहिले शिक्षण याच ठिकाणी होते. पहिली फसवणूकही बहुधा येथेच होते.

एका डब्यातील इतिहास

कावेरीच्या मुखप्रदेशातील विक्रेत्याच्या पत्र्याच्या डब्यात किती राजवटी एकत्र नांदतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. चोळांच्या मागून विजयनगर आणि तंजावरचे नायक आले. पुढे व्यंकोजीराजांनी स्थापन केलेले मराठ्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत टिकले. किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या लोकांचे ठाणे होते. नागपट्टणम १६५८ पासून १७८१ पर्यंत डचांकडे होते, तर कारैकाल १७३९ मध्ये फ्रेंचांच्या हाती आले. या सर्वांची लहानमोठी तांब्याची नाणी या भागात सापडतात. मुकुटाखाली गुंफलेली अक्षरे दिसली तर नाणे डॅनिश असण्याचा संभव असतो. डच कंपनीच्या नाण्यावर तिची तीन आद्याक्षरे एकमेकांत अडकविलेली असतात.

तमिळ भाषेत अशा लहान नाण्याला ‘कासु’ म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील शिलालेखांत देवस्थानाचे कासु ग्रामसभांकडे व्याजाने ठेवल्याच्या नोंदी आहेत, आणि व्याजाचा दर कासूमागे वर्षाला एक अष्टमांश कासु असा दिला आहे. त्या लेखांतील कासु हे सोन्याच्या हिशेबातील परिमाण होते. पुढे तोच शब्द तांब्याच्या चिल्लर नाण्यालाही लागला. पोर्तुगीजांच्या तोंडून तो युरोपीय भाषांत गेला आणि कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यातील नाण्यांवर ‘कॅश’ या रूपाने उमटला.

नवख्याचे पहिले नाणे

नवख्याने आरंभ कोणत्या नाण्यापासून करावा? या प्रदेशात तरी राजराज चोळाच्या तांब्याच्या नाण्याइतका चांगला गुरू दुसरा नाही. राजराजाने ९८५ ते १०१४ या काळात राज्य केले. त्याचे हे नाणे आजही विपुल मिळते, आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात असते. वजन सुमारे चार ग्रॅम. एका बाजूस उभी मनुष्याकृती आणि दुसऱ्या बाजूस बसलेली आकृती असते. बसलेल्या आकृतीच्या शेजारी एकाखाली एक अक्षरे येतात, ती ‘श्री राजराज’ अशी. विशेष हे की ही अक्षरे नागरी लिपीतील आहेत. राजाचे शिलालेख मुख्यतः तमिळमध्ये आहेत. मात्र या नाण्यावर त्याने नागरी वापरली. त्यामुळे तमिळ न येणाऱ्या मराठी वाचकालाही, अक्षरांची जुनी वळणे एकदा ध्यानात आली की, हजार वर्षांपूर्वीचे हे नाणे स्वतः वाचता येते.

हे वाचन म्हणजे केवळ हौस नव्हे. दुकानात दोन आकृत्यांचे प्रत्येक नाणे ‘राजराज’ म्हणून दाखविले जाण्याचा संभव असतो. राजराजाच्या सैन्याने सिंहलद्वीपाचा उत्तर भाग जिंकला. चोळांची सत्ता तेथून अकराव्या शतकात हटली, पण त्यांच्या नाण्याचा घाट मागे राहिला. बाराव्या-तेराव्या शतकांतील सिंहली राजांनी त्याच घाटाची नाणी पाडली आणि त्यांवर आपापली नावे नागरीतच घातली. पराक्रमबाहु, निःशंकमल्ल, साहसमल्ल यांची नाणी अशीच आहेत. तीन वेळा सिंहासनावर बसलेल्या लीलावती राणीचे नाणेही याच घाटाचे आहे. नाणे फिरवून शेवटची दोन अक्षरे वाचण्याचे कष्ट जो घेतो, त्याला राजराजाच्या ढिगात लीलावती सापडू शकते. जो घेत नाही त्याच्या संग्रहात ती चुकीच्या नावाने पडून राहते.

दुकानदार: विक्रेता आणि शिक्षक

दुकानदाराविषयी नवख्याच्या मनात दोन टोकांच्या कल्पना असतात. एक तर तो त्याला सर्वज्ञ मानतो, नाही तर लबाड. दोन्ही कल्पना सारख्याच नुकसानकारक होत. दुकानदाराच्या हातांखालून हजारो नाणी गेलेली असतात. धातूचा स्पर्श, वजन, झिजेची तऱ्हा यांचे त्याचे ज्ञान पुस्तकातून मिळणारे नसते. पण नाणे विकणे हे त्याच्या पोटाचे साधन आहे, हेही विसरता येत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत फारसे विकत घेऊ नये, पाहावे अधिक. नाणे नेहमी कडांवर धरावे आणि खाली मऊ कापड असावे. आपल्याला जे कळत नाही ते कळत नाही असेच सांगावे, कारण ज्ञानाचा आव आणणाऱ्या गिऱ्हाइकाला शिकविण्याची कोणालाच इच्छा नसते. भाव कमी करण्यासाठी चांगल्या नाण्याला नावे ठेवणे हा तर अगदी वाईट मार्ग. त्याने चार रुपये वाचतात आणि माणूस दुरावतो. एखादे सामान्य नाणे वाजवी किमतीत घ्यावे, पावती मागावी, आणि नाणे बनावट ठरल्यास ते परत घेतले जाईल काय, हे आधीच विचारून ठेवावे. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून दुकानदाराची बरीच पारख होते.

खरे, खोटे आणि कधीच नसलेले

बनावट नाण्यांचे दोन वर्ग करता येतील. पहिला वर्ग खऱ्या नाण्याच्या नकलांचा. जुनी चोळ नाणी धातूच्या चकतीवर ठसा मारून पाडलेली आहेत. नक्कल मात्र बहुधा साच्यात ओतलेली असते. भिंगातून पाहिले असता ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बारीक छिद्रे आणि कडेवर जोडाची रेघ दिसू शकते. दोन नाणी शेजारी ठेवावीत. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांत ठसा थोडा तरी सरकलेला असतो. दोहोंची झीज, कडेची चीर आणि ठशाची जागा तंतोतंत जुळली, तर दोन्ही एकाच साच्यातील आहेत असे समजावे.

दुसरा वर्ग अधिक चमत्कारिक आहे. ही नाणी कशाचीच नक्कल नसतात. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल, अर्धा किंवा एक आणा अशी किंमत आणि मागील बाजूस राम, हनुमान वा अन्य देवतेचे चित्र असे तुकडे भारतभर विकले जातात. कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीने अशी नाणी पाडली नाहीत. देवाच्या नावाने विकत घेतलेला तुकडा म्हणून ते घरात ठेवण्यास कोणाची हरकत नाही. पण अशाच तुकड्यांविषयी ते तांदळाचे दाणे ओढून घेतात आणि परदेशात कोट्यवधींना विकले जातात अशी भूल घालून अनेकांना लुबाडण्यात आले आहे. संग्राहकाने अशा कथेतून शांतपणे उठून जावे.

मराठी संग्राहकाने आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘छत्रपति’ ही अक्षरे दिसताच त्याचे मन हलते, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ असा मजकूर असलेली तांब्याची शिवराई दीर्घकाळ आणि अनेक ठशांनी पाडली गेली, त्यामुळे ती मुबलक आहे. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. तंजावरच्या गल्लीत ‘राजवाड्यातून आलेला’ होन कोणी दाखविला, तर त्या कथेसाठी एक पैसाही अधिक देऊ नये. अभिमान हे गिऱ्हाइकाचे मर्मस्थान असते.

चिंच आणि तांबे

घरातील तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख करण्याची आपली रीत आहे. तीच रीत नाण्याला लावली की अनर्थ होतो. शतकानुशतके जमलेला घट्ट, गुळगुळीत हिरवा वा तपकिरी थर हे नाण्याचे संरक्षक कवच असते. चिंचेतील आम्ल तो थर खाते आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही नेते. चकचकीत चोळ नाणे नवख्याला आकर्षक वाटते. जाणत्याला ते सोललेले दिसते. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड दिसली तर तो रोग होय. असे नाणे इतरांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. साठवणीसाठी मऊ, चिकट वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नयेत; साध्या कागदाची पाकिटे अधिक चांगली.

सर्वांत नाशवंत गोष्ट

आतापर्यंत सांगितलेले सारे नाण्याच्या अंगावर दिसणारे आहे. नाण्याबरोबर आणखी एक गोष्ट दुकानात येते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ते नाणे कोठे सापडले, ही ती गोष्ट होय. मोडीच्या व्यापाऱ्याकडे नाणी आणणाऱ्या माणसाला ती ठाऊक असते. व्यापाऱ्याला ती काही दिवस आठवते. मग नाणी जातवारीने वेगळी केली जातात, चोळ एका डब्यात, डच दुसऱ्या डब्यात, आणि माहिती कायमची नष्ट होते. धातू हजार वर्षे टिकतो. ही माहिती महिनाभरही टिकत नाही.

तिचे मोल किती, हे करूरच्या उदाहरणावरून कळते. कावेरीला मिळणाऱ्या अमरावती नदीच्या पात्रातील वाळूत करूर येथे प्राचीन नाणी सापडत आली आहेत. ‘दिनमलर’ या तमिळ दैनिकाचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी अशा नाण्यांचा चिकाटीने अभ्यास केला. ‘पेरुवळुदि’ हे पांड्य नाव ब्राह्मी अक्षरांत असलेले चौकोनी तांब्याचे नाणे त्यांनी अभ्यासकांपुढे ठेवले, आणि संगमकाळातील तमिळ राजे स्वतःच्या नावाची नाणी पाडीत होते या मताला भक्कम आधार मिळाला. संगमकालीन नाण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. करूरला मिळालेल्या रोमन व अन्य परदेशी नाण्यांवरही त्यांनी लिहिले. रोमन तांब्याचे झिजलेले नाणे युरोपात कवडीमोल असेल. पण ते करूरच्या वाळूतून आले हे माहीत असल्यामुळे त्याला व्यापाराच्या इतिहासात स्थान मिळते. तेच नाणे नुसते डब्यात असते, तर ते कोणालाही काहीच सांगू शकले नसते.

तेव्हा संग्राहकाने प्रत्येक खरेदीच्या वेळी ‘हे कोठून आले?’ असे विचारावे. मात्र या प्रश्नातही धोका आहे. स्थळ सांगितल्याने भाव वाढतो असे दिसले की दुकानदार गिऱ्हाइकाला आवडेल ते स्थळ सांगू लागतो. म्हणून प्रश्न भाव ठरल्यानंतर, सहज विचारावा. उत्तर सुचवू नये. ‘ठाऊक नाही’ हे उत्तर आले तर त्याचाही मान राखावा. टिपणात ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ हे शब्द न चुकता घालावेत.

येथेच कायद्याचीही मर्यादा येते. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्यानुसार जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा धंदा करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. एखादा माणूस मातीने भरलेल्या नाण्यांचे गाडगे घेऊन आला, तर ती स्वस्त खरेदीची संधी नव्हे. एकत्र पुरलेल्या नाण्यांचा संच हा एक दस्तऐवज असतो, आणि चार गिऱ्हाइकांत तो वाटला गेला की त्याची पाने फाटली असे समजावे. अशा वेळी विकत न घेणे आणि आणणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीची वाट दाखविणे, हेच संग्राहकाचे कर्तव्य होय.

संग्रहाची खरी सुरुवात अशा रीतीने नाण्याने न होता पाकिटाने होते. पाकिटावर नाण्याचे वर्णन, वजन, खरेदीचा दिवस, दुकानाचे गाव, दिलेली किंमत आणि सांगितलेले सापडण्याचे स्थळ एवढे लिहिलेले असले, की तिरुवैयारुच्या बाजारात घेतलेले चार ग्रॅमचे तांबे पुढच्या पिढीच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडू शकते. नवखा संग्राहक पुढे कदाचित हा छंद सोडून देईल, नाणी दुसऱ्या हाती जातील. पाकिटे त्यांच्याबरोबर गेली, तर त्याने केलेले काम वाया जाणार नाही.