वरची बांधी आधी

आजचं वाचन: निर्गम 18:1-24, लूक 10:38-42



आजचं मनन मी सिहोऱ्याहून लिहितेय. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात हे माझं माहेर. बाहेर पाऊस लागलाय आणि गावात रोवणी सुरू आहे. एरवी या दिवसांत मी नागपूर सोडत नाही. ऑफिस, मुलीची शाळा आणि मंडळीचं काम यातून सुट्टी कुठली? यंदा आले, आणि का आले ते आज तुम्हाला सांगायचंय. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगते.

जूनच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आमच्या वर्शिप टीमची प्रॅक्टिस होती. तरुणांचं शिबिर जवळ आलं होतं. फोन सायलेंटवर होता. दोन गाण्यांच्या मध्ये मी सवयीनं प्रार्थनेचा ग्रुप उघडला, कारण तो ग्रुप मीच सांभाळायचे. कुणाची तरी विनंती आली होती, कुणीतरी दवाखान्यात होतं. मी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं, "प्रार्थना करत आहे, प्रभू बरं करो" असं लिहिलं आणि पुढचं गाणं सुरू केलं.

रात्री साडेनऊला घरी पोचून फोन पाहिला. भावाचे सात मिस्ड कॉल होते. ती विनंती त्यानंच टाकली होती. मी फोन उचलत नाही म्हणून शेवटी त्यानं ग्रुपवर लिहिलं होतं. बाबांची शुगर एकदम कमी होऊन ते शेतात पडले होते आणि त्यांना तुमसरला दवाखान्यात नेलं होतं. मी माझ्या स्वतःच्या बापासाठी नाव न वाचता "प्रार्थना करत आहे" लिहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर प्रार्थनाही केली नव्हती.

बाबा आता बरे आहेत, प्रभूचे आभार. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात एक मुलगी आहे. इतरांनी तिला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावलं आणि तिच्या स्वतःच्या मळ्याची राखण राहून गेली (गीतरत्न 1:6). किती वेळा वाचलं असेल ते. त्या रात्री मात्र ते वचन माझ्याकडे बघत होतं.

तंबूत कोण आलं होतं?

निर्गमाचा 18वा अध्याय आपल्याकडे लीडरशिप ट्रेनिंगमध्ये हमखास शिकवतात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद ऐकत बसतो. सासरा इथ्रो ते पाहतो आणि सांगतो की हे बरं नाही, अशानं तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली जातात. कामाची वाटणी हा धडा आपल्याला पाठ आहे.

पण आपण बहुतेक वेळा 13व्या वचनापासून वाचायला लागतो. यावेळी पहिल्या वचनापासून वाचा. इथ्रो रानात आला तो सल्ला द्यायला आलेला नव्हता. तो मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे, गेर्षोम व अलियेजर, यांना घेऊन आला होता. मोशेनं तिला माहेरी पाठवलं होतं. म्हणजे ज्या माणसानं एवढ्या लोकांना मिसर देशातून बाहेर काढलं, त्याची मुलं आजोबांकडे होती!

मोशे सासऱ्याला सामोरा जातो, नमन करतो, त्याचा मुका घेतो. दोघं तंबूत जातात, देवानं काय काय केलं ते बोलतात, मग देवासमोर जेवण होतं. सिप्पोरा आणि मुलांची भेट कशी झाली याबद्दल शास्त्र गप्प आहे, म्हणून मीही अंदाज बांधत नाही. पण लगेच दुसऱ्या दिवशीची गोष्ट येते, आणि मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामावर बसलेला आहे. एवढ्या दिवसांनी घरचे आलेत, आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण ड्यूटी. ते इथ्रोनं पाहिलं. तो मुलांचा आजोबाही होता, हे विसरू नका.

आता त्याच्या सल्ल्याचा क्रम बघा. माणसं नेमायची गोष्ट 21व्या वचनात येते. त्याआधी, 19व्या वचनात, तो मोशेला सांगतो की लोकांच्या वतीनं तू देवासमोर राहा. म्हणजे काम वाटून द्यायचं ते आराम मिळावा एवढ्यासाठी नाही. देवासमोरची जागा रिकामी राहू नये, यासाठी. आणि शेवटी 23व्या वचनात तो म्हणतो की असं केलंस तर तू टिकशील, आणि लोकही शांतीनं आपापल्या ठिकाणी जातील. सगळे घरी पोचतील!

मार्थेनं काम सोडलं नाही

मार्था-मरीयेची गोष्ट वाचली की कामसू बहिणींना थोडं वाईट वाटतं. मलाही वाटायचं. सगळेच पायाशी बसले तर भाकरी कोण थापणार?

पण प्रभूनं मार्थेला वाढण्याबद्दल टोकलं नाही. पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग तिच्या आत शिरली होती, त्याबद्दल तो बोलला. तेही तिचं नाव दोनदा घेऊन, प्रेमानं. पुढे योहान 12:2 उघडा. बेथानीत पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढतेय. काम तेच आहे, पण या वेळी बहिणीची तक्रार नाही. मधल्या अध्यायात काय घडलं? भाऊ लाजर मेला. त्या दुःखात मार्था प्रभूला भेटायला गावाबाहेर गेली, त्याच्याशी बोलली, आणि तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस असा विश्वास तिनं कबूल केला (योहान 11:27). आधी ती भेट, मग पुन्हा वाढणं. सेवा सुटली नाही, तिचा उगम बदलला.

एका घराची गोष्ट

नागपूरहून तुमसर रोडला येणारी रेल्वे पुढे गोंदियावरून राजनांदगावला जाते. 1893 साली या मार्गानं एक तरुण कवी राजनांदगावला निघाला होता, नारायण वामन टिळक. डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांनी वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्टेशनवर उतरताना मला दरवेळी हे आठवतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलीय. पतीनं एवढं मोठं पाऊल टाकलं ते बायकोला आधी विश्वासात न घेता. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी सुमारे पाच वर्षं वेगळी काढली. टिळक पत्रं लिहीत राहिले. पुढे दोघं एकत्र आली. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार आपला आपण केला, आणि 1900 साली स्वतःच्या खात्रीनं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही संसार सोपा नव्हता. टिळकांच्या मागे मंडळी, प्रवचनं, कविता, 'ज्ञानोदय'चं संपादन, आणि दारात कोणी ना कोणी गरजू. हातातला पैसा ते देऊन टाकत, आणि चूल पेटवायची काळजी लक्ष्मीबाईंना.

टिळकांना नावं ठेवायला हे सांगत नाहीये. त्यांची गाणी आजही आपल्या उपासनेत असतात. एवढंच म्हणायचंय की पाचारण खरं असलं तरी घरच्यांना त्याची झळ लागते, आणि ती झळ कुणीतरी प्रामाणिकपणे सांगावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती सांगितली, हसत सांगितली, कडवटपणा न ठेवता सांगितली. आणि 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण कुणी केलं? त्यांनीच. ज्या घराला आपण सेवेच्या आड येणारी गोष्ट समजतो, तेच घर कधी कधी आपली सेवा पुढे नेतं.

बाबांची शेती

परवा पाऊस थांबला तेव्हा बाबांसोबत धुऱ्यावर बसले होते. त्यांना सध्या चिखलात उतरायला मनाई आहे, म्हणून बसून सूचना देणं चाललंय. चांदपूर तलावाच्या नहराचं पाणी आमच्या बांध्यांना येतं. बांध्या उतरत्या आहेत, एकीखाली एक. मी विचारलं, खालची बांधी कोरडी दिसते, तिकडे आधी पाणी का नाही सोडत?

बाबा म्हणाले, "वरची बांदी भरू दे आधी, बाई. ते भरली का पानी आपल्या पायानं खाली जाते. वरचीच फोडून ठेवली, त वरीबी टिकत नाई अन् खालीबी."

मी गप्प झाले. कारण मी नेमकं तेच करत होते. माझी वरची बांधी म्हणजे प्रभूसोबतचा माझा वेळ. ती मी कधीच फोडून ठेवली होती. संडे स्कूलचा पाठ तयार करायला बायबल उघडायचे, ग्रुपवर वचन टाकायला उघडायचे. स्वतःसाठी? आठवत नव्हतं. मधली बांधी म्हणजे घर, ती कोरडी. आणि सगळ्यात खालच्या बांधीत, लोकांना दिसणाऱ्या सेवेत, मी बादलीनं पाणी ओतत होते आणि ते का टिकत नाही म्हणून चिडत होते.

म्हणून प्राधान्य ठरवणं म्हणजे यादी करून देव पहिला, घर दुसरं, मंडळी तिसरी असे नंबर टाकणं नव्हे. नंबर टाकले की वाटतं, एकाला दिलं तर दुसऱ्याचं कमी होतं. पाणी एकच आहे. ते आधी कुठे सोडायचं, एवढाच प्रश्न आहे.

मग करायचं काय?

मी जे सुरू केलंय ते सांगते. तुमचं वेगळं असू शकेल.

पहिलं, सकाळी फोन हातात घेण्याआधी वीस मिनिटं. यात पाठाची तयारी मोजायची नाही. मार्क 1:35 मध्ये प्रभू पहाटे एकांतात प्रार्थना करतो, आणि पुढच्याच वचनांत शिष्य येऊन सांगतात की सगळे तुला शोधताहेत. तरी तो तिकडे परत जात नाही, दुसऱ्या गावांना निघतो. प्रार्थनेतून उठलेल्या माणसाला कुठे जायचं नाही हेही कळतं.

दुसरं, घरच्यांचे फोन सायलेंटमधून वगळले. बुधवारची संध्याकाळ घराची. गेल्या महिन्यात मुलीनं विचारलं होतं, "आई, आज तू माझ्यासोबत प्रार्थना करशील, की तुझी प्रार्थनेची मीटिंग आहे?" मी तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही.

तिसरं, प्रार्थनेचा ग्रुप मी दोन तरुण मुलींकडे सोपवला. पाळकसाहेबांना सांगताना जीव धाकधुक करत होता. ते म्हणाले, "बरं झालं. त्या दोघी कधीपासून विचारत होत्या." म्हणजे मी ज्याला माझं ओझं समजत होते, ती दुसऱ्या कुणाची तरी जागा होती, आणि मी ती अडवून बसले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हे मनन म्हणजे सेवेतून सुट्टीचा अर्ज नव्हे. घराचं कारण सांगून मंडळीत बोटही न हलवणं, तीही वरची बांधी कोरडी असल्याचीच खूण आहे. भरलेल्या बांधीतलं पाणी खाली उतरतंच.

आणि माझं सगळं जमलंय असंही नाही. आज सकाळीच वीस मिनिटांच्या मध्ये दोनदा फोनकडे हात गेला. पण रोवणीत हे बरं असतं की कुणी एका दिवसात सगळं शेत रोवत नाही. आजची बांधी आज.

मननासाठी प्रश्न

1. गेल्या आठवड्यात मी कुणाला शिकवण्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी शास्त्र कधी वाचलं?
2. माझ्या सेवेची झळ घरात कुणाला लागतेय? मी त्यांना कधी विचारलंय का?
3. मी धरून ठेवलेलं असं कोणतं काम आहे, ज्याची दुसरं कुणीतरी वाट बघतंय?

प्रार्थना

प्रभू येशू, तुझ्या नावानं धावताना मी तुलाच मागे सोडलं, मला क्षमा कर. मार्थेला मारलीस तशी मलाही हाक मार, आणि ती ऐकू यावी म्हणून माझ्या आतला गोंगाट थांबव. माझ्या घरच्यांची मनं मी दुखावली असतील तर ती तू भरून काढ, आणि त्यांची माफी मागायला मला नम्र कर. जे सोडायचं ते सोडायला धीर दे, जे धरायचं ते धरायला बळ दे. आधी मला भर, मग माझ्यातून वाहा. येशूच्या नावात मागते, आमेन.

आज घरी एक फोन करा. मेसेज नको, फोन करा. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.